कुंभीपाकचे केळुसकर

केळुसकर काका भेटले की आधी तुमच्या हनुवटीला दोन बोटं लावतात, चेहरा उजेडाकडे वळवतात, एक पाऊल मागे जाऊन बघतात आणि मगच विचारतात, "काय, बरं आहे ना?" ठाकुर्लीत आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना याची सवय झालीय. नवीन भाडेकरू मात्र दचकतात. एका कुरिअरवाल्याला त्यांनी जिन्यात असाच वळवला होता. तेव्हापासून तो आमच्या बिल्डिंगची पार्सलं वॉचमनकडे टाकून जातो, वर येत नाही.

काकांचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. कल्याणपासून कळव्यापर्यंत ज्यांची मुलं आता कॉलेजात आहेत, अशा बऱ्याच जोडप्यांच्या कपाटात काकांनी काढलेली कॅसेट असणार. ती लावायला मशीन कोणाकडेच नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे ड्रोन आले, लग्नाआधीचं शूटिंग आलं आणि काकांनी दुकान बंद केलं. "नवरा-नवरी डोंगरावरून पळतात आणि कॅमेरा त्यांच्या मागे," ते म्हणाले. "माझ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. आणि पळूनच जायचं असेल तर शूटिंग कशाला?"

दुकान बंद झालं, पण काका काही बंद झाले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे नाना वारले तेव्हा सगळे खाली मान घालून उभे होते. काका हळूच नानांच्या मोठ्या मुलाजवळ गेले आणि कानात म्हणाले, "जरा डावीकडे सरक. नानांच्या चेहऱ्यावर सावली पडतेय." तो मुकाट्याने सरकला. आणि खरं सांगायचं तर नाना जरा बरे दिसायला लागले.

जगात कुठेही चार माणसं जमली की त्यात दोन बाजू असणारच, असं काकांचं ठाम मत आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून जुंपली होती. काका उशिरा आले, दारात उभं राहून सगळ्यांकडे पाहिलं आणि शेजारच्याला विचारलं, "यात मुलीकडचे कोण?"

काकांचा आवडता शब्द म्हणजे 'स्थिर'. माणूस हलला तरी चालेल, फ्रेम हलता कामा नये, हे त्यांचं एकच तत्त्व. रिक्षात बसले तरी दोन्ही कोपर पोटाशी दाबून, श्वास रोखून बसतात. कॅमेरा नसतो हो हातात. सवय.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला लागेल. मी दिवसभर कल्याणला एका विमा कंपनीच्या ऑफिसात फोनवर असतो आणि अत्यंत मऊ आवाजात लोकांना सांगतो की त्यांचा क्लेम बसत नाही. हे सगळं आठवडाभर आत साठतं. मग रविवारी मी हेवी मेटल गातो. गातो हा माझा शब्द. आईचा शब्द वेगळा आहे. आमच्या बँडचं नाव कुंभीपाक. हे एका नरकाचं नाव आहे, तिथे पाप्यांना उकळत्या तेलात टाकतात. पण पोस्टर लावलं की लोक खालच्या नंबरवर फोन करून मुंजीच्या जेवणाच्या ऑर्डरचं विचारतात.

तर गेल्या वर्षी एका मोठ्या फेस्टिव्हलने नवीन बँडकडून व्हिडिओ मागवले. अट अशी की प्रत्यक्ष कार्यक्रमाचं शूटिंग हवं, सलग, मधे कुठेही कापाकापी नको. आम्ही चौघं सात-आठ वर्षं घासत होतो. आमचा ड्रमर सुजय याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर ड्रम घरात येणार नाहीत, असं तिकडून स्वच्छ सांगण्यात आलं होतं. म्हणजे हा शेवटचाच चान्स. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये छपाईचा एक बंद पडलेला गाळा होता, तिथे असले कार्यक्रम व्हायचे. रविवारची दुपार ठरली. आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या कॅमेरावाल्याला कांजिण्या निघाल्या.

मी घरी डोकं धरून बसलो होतो. आई म्हणाली, "अरे, खाली केळुसकर बसलेत ना रिकामे."

"आई, ते लग्नवाले आहेत."

"मग तुझं काय त्याहून वेगळं असतं? मोठा आवाज, अंधारात धूर आणि घामाघूम माणसं. जा, विचार."

मी गेलो. काकांनी माझी हनुवटी वळवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुहूर्त कितीचा?"

"तीन वाजता सुरू करू."

"कार्य किती वेळ चालेल?"

"तासभर."

"घरचं कोण असणार?"

"कोणीच नाही. बँड आणि पब्लिक."

काकांना हे पटलं नाही. "घरचं माणूस फ्रेममध्ये नसेल तर मी कॅमेरा उघडत नाही," ते म्हणाले. "शास्त्र आहे ते." कुठलं शास्त्र ते सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता ते गाळ्यावर आले तेव्हा त्यांच्यासोबत माझी आई होती. नारायणपेठ नेसलेली, कानात कापूस घालून.

काकांचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, चांगला दोन वर्षांच्या पोराएवढा. त्याच्या डोक्यावर एक दिवा. तो दिवा त्यांनी लावला आणि गाळ्यात एकदम सकाळ झाली. काळोखात भयानक दिसावं म्हणून आम्ही भिंतीला काळं कापड लावलं होतं, आम्ही काळे टी-शर्ट घातले होते, आलेली सगळी पोरंही काळ्याच टी-शर्टात. काकांनी त्या प्रकाशात सगळीकडे नजर फिरवली.

"भिंत काळी. कपडे काळे. केस काळे," ते म्हणाले. "मी काढू काय, दात?"

मग त्यांनी आईच्या खांद्यावरची राणी कलरची शाल मागून घेतली आणि सुजयच्या मागे खिळ्याला टांगली. सुजय काही बोलणार होता. काकांनी त्याची हनुवटी वर केली. "नवरामुलगा ना तू? दिसायला नको?" सुजयचं लग्न ठरल्याचं त्यांना आईने वाटेत सांगितलेलं. संपूर्ण कार्यक्रमभर ते त्याला नवरामुलगाच म्हणत राहिले.

पब्लिक साठेक डोकी असेल. त्यातला एक भला दाढीवाला, दोन्ही हातांवर कवट्या गोंदवलेला, दारात उभा होता. काकांनी त्याला विचारलं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" तो गोंधळला. मग म्हणाला, "भिवंडीचा आहे मी." काकांनी मान हलवली आणि त्याला उजव्या बाजूला उभं केलं.

तीन वाजले. सुजयने काड्या वाजवल्या, गिटार सुटल्या आणि मी पोटातून पहिली आरोळी ठोकली. काका माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होते. पहिली दोन कडवी त्यांनी सहन केली. मग डोळा कॅमेऱ्यातून न काढता डाव्या हाताने खिशातून खडीसाखर काढली आणि माझ्यापुढे धरली. मी मान हलवून नको म्हटलं. हात तसाच राहिला. शेवटी तिसऱ्या कडव्याआधी मी ती तोंडात टाकली. व्हिडिओत ते आहे. कापाकापी करायची नव्हती.

दुसऱ्या गाण्याला पोरांनी गोल धरला. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. मेटलच्या कार्यक्रमात मधली जागा रिकामी करतात आणि कडेने गोल गोल पळत एकमेकांना धडका देतात. भांडण नसतं ते, आनंद असतो. मला भीती होती की काका घाबरून कोपऱ्यात जातील. काका सरळ आत घुसले आणि मधोमध जाऊन उभे राहिले. पोरं भोवती घोंघावतायत आणि काका मधे, कोपर पोटाशी, पायाच्या टाचेवर हळूहळू फिरतायत, एखाद्या जात्याच्या मधल्या खुंटीसारखे. नंतर मी त्यांना विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाले, "सप्तपदी अशीच घ्यायची असते. बाहेरून घेतली तर सगळ्यांच्या पाठी येतात."

आमच्या शेवटच्या गाण्यात एक जागा आहे. संगीत एकदम थांबतं, फक्त एक गिटार गुरगुरत राहते, पब्लिक दोन बाजूंना विभागतं, मधे मोकळी वाट होते. आणि मी इशारा केला की दोन्ही बाजू किंचाळत एकमेकांवर तुटून पडतात. त्या दिवशी पोरं विभागली. दोन भिंती समोरासमोर उभ्या राहिल्या. गिटार गुरगुरतेय. मी हात वर केला.

काकांचा चेहरा उजळला. इतका वेळ त्यांना कळत नसलेलं काहीतरी कळलं होतं. दोन बाजू, मधे मोकळी जागा, सगळे श्वास रोखून. अंतरपाट. ते लगबगीने त्या वाटेच्या बरोब्बर मध्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपलाही हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "बॅटरी बदलतोय."

साठ माणसं थांबली. खरंच थांबली. भिवंडीचा दाढीवाला एक पाय पुढे टाकून, मुठी आवळून, मान वाकडी करून तसाच उभा. गिटारवाला तोच एक सूर लांबवत माझ्याकडे केविलवाणा बघतोय. काकांनी शांतपणे खिशातून बॅटरी काढली, तिच्यावर फुंकर मारली, ती बसवली. बॅटरी काढली तर सलग शूटिंग तुटणार नाही का, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा घाम फुटला होता. पण ती बॅटरी डोक्यावरच्या दिव्याची होती. कॅमेरा चालूच होता आणि त्यात एका म्हाताऱ्या हाताची सावली आणि हुकमाची वाट बघणारे साठ राक्षस आलेत.

मग काकांनी कॅमेरा खांद्यावर घट्ट केला. "हं," ते म्हणाले, "आता सावकाश."

सावकाश कोणीही आलं नाही. दोन्ही भिंती तुटून पडल्या. आईने डोळे मिटलेले मी पाहिले. मला काका दिसेनासे झाले, फक्त तो दिवा दिसत होता, गर्दीच्या डोक्यांवर एका जागी, न हलता. कोणीच त्यांना धडकलं नाही. पोरं त्यांच्या अलीकडून पलीकडून जात होती, आणि दाढीवाला त्यांच्या पाठीशी दोन्ही हात पसरून उभा होता, सगळे धक्के अंगावर घेत.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी सगळ्यांना थांबवून बँडसोबत जोडीजोडीने उभं केलं. साठ जण रांगेत आले. आईसुद्धा आली. माझ्याशेजारी उभी राहून, कानातला कापूस काढून म्हणाली, "शेवटचं बरं होतं. मधे ते थांबले होते ते."

पुढच्या रविवारी काकांनी मला खाली बोलावलं. टीव्हीसमोर खुर्ची मांडलेली. व्हिडिओ सुरू झाला. आधी गणपती. मग पाकळ्या. मग सोनेरी अक्षरांत 'कुंभीपाक परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे'. एक कमळ उमललं आणि त्यातून मी बाहेर आलो, तोंड फाडून, गळ्याच्या शिरा ताणून. मग माझा चेहरा बदामाच्या आकारात लहान लहान होत सुजयच्या ड्रममध्ये गेला. सनईसुद्धा होती, अगदी मागे, हळू.

"काका," मी म्हणालो, "सुंदर झालंय. पण त्यांना साधं हवंय. जसं काढलं तसं."

"कच्चं?"

"कच्चं."

काकांनी व्हिडिओ थांबवला. "कच्चं मी कधी कोणाला दिलं नाही," ते म्हणाले. मग उठले आणि दिलं.

फेस्टिव्हलचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. उत्तर आलं. बँड नको होता. कॅमेरामनचा नंबर हवा होता. सुजयने लग्न केलं, ड्रम माझ्या घरी आले आणि आई आता त्यांच्यावर उशा वाळत घालते.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं, कच्चं मिळालं त्या दुपारचं. व्हिडिओत ड्रमचा आवाज फार होता, माझा दबलेला. मी लॅपटॉप तिथेच काकांच्या टेबलावर उघडला. हल्ली एक सोय झालीय. गर्दीच्या आवाजातून माणसाचा आवाज वेगळा काढता येतो, बाकीची वाद्यं वेगळी. मी काकांना दाखवलं. पहिल्या वेळी मशीनने माझा आवाजही ड्रममध्येच टाकला, माणसाचा धरलाच नाही. काकांना त्यात काही आश्चर्य वाटलं नाही. पण मग मी दोन गाण्यांच्या मधलं बोलणं काढून दाखवलं. गोंगाट गेला आणि एकदम आईचा आवाज आला, गाळ्याच्या मागच्या भिंतीकडून, "अहो, त्याला पाणी द्या कोणीतरी." मी ते तेव्हा ऐकलंच नव्हतं.

काका टेबलाला धरून उभे राहिले होते. "म्हणजे बँड काढता येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"कुठलाही? ब्रास बँड?"

"बघावं लागेल. का?"

ते आत गेले. बऱ्याच वेळाने एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं काहीतरी. लावलं तर लग्न होतं. कार्यालयाचं दार, बाहेर फुलं लावलेली गाडी, माणसांची गर्दी, आणि ब्रास बँडचा कान फुटेल असा कल्लोळ. पाठवणी चाललेली.

"आमच्या मनूची," काका म्हणाले. मनू म्हणजे त्यांची मुलगी, आता बडोद्याला असते. "हिची आई आधीच गेलेली. कन्यादान जोडीने करायचं असतं, म्हणून धाकट्या भावाने आणि वहिनीने केलं. मला काही काम उरलं नाही. नुसतं उभं राहून बापाने काय करायचं असतं ते मला कळेना. म्हटलं, शूटिंग तरी करतो."

पडद्यावर शालू नेसलेली एक बारीकशी मुलगी सगळ्यांच्या पाया पडत पुढे येत होती. मग ती सरळ आमच्याकडे आली, म्हणजे कॅमेऱ्याकडे. वाकली आणि फ्रेममधून खाली नाहीशी झाली. पडद्यावर नुसतं रिकामं दार राहिलं. चित्र जराही हललं नाही.

"पाया पडत होती," काका म्हणाले. "डोक्यावर हात ठेवायला हवा होता. पण दोन्ही हात गुंतलेले."

ती पुन्हा वर आली. डोळे पुसले. कॅमेऱ्याच्या कडेला, जिथे काकांचा चेहरा असणार तिथे बघून काहीतरी बोलली. ओठ हलले, बँड वाजत राहिला. मग कोणीतरी तिला दंडाला धरून गाडीकडे नेलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तेच," काका म्हणाले. "तेव्हा ऐकू आलं नाही. नंतर विचारू विचारू म्हणत राहून गेलं. आता विचारलं तर तिलाही आठवायचं नाही. आणि म्हणेल, एवढी वर्षं काय करत होता."

मी तो तुकडा वेगळा केला. बँड एकदम जाईना. आधी ढोल गेला, मग ती पिपाणी. तरी एक खरखर राहिली. ती कमी केली तेव्हा तळाशी काहीतरी हललं. मी हेडफोन काढून काकांच्या कानांवर ठेवले आणि बटण दाबलं. ऐकायचा पहिला हक्क त्यांचा.

त्यांनी ऐकलं. पुन्हा लाव, अशी बोटाने खूण केली. मी पुन्हा लावलं. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मी ऐकलं. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण स्पष्ट, एका मुलीचा रडवेला, थोडा वैतागलेला आवाज.

"बाबा, सकाळपासून नुसते धावताय. मी गेल्यावर जेवून घ्याल ना? मला कळवा."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग फोन उचलला. ते फोन कानाला लावत नाहीत, स्पीकरवरच ठेवतात, त्यामुळे रिंग मलाही ऐकू येत होती.

"हॅलो, बाबा? काय झालं?"

"काही नाही गं मनू. सहज केला." काकांनी फोन तोंडाजवळ धरला. "जेवलो मी. एवढंच कळवायचं होतं."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"आत्ता?" ती म्हणाली. "बाबा, पावणेचार वाजलेत. इतका उशीर?"

"हो," काका म्हणाले. "जरा उशीरच झाला."